डावीकडचा रिकामा रकाना

ब्रागात, स्टेशनमागच्या उतारावर
देओलिंदाचं दुकान आहे.
पाटीवर नुसतं ‘शिवणकाम’.
ज्यांना यायचं असतं त्यांना बरोबर ठाऊक असतं
आत काय शिवतात ते.

इस्पितळातून सुटलेल्या बाया येतात,
दार ढकलण्याआधी एकदा मागे बघून.
देओलिंदा टेप धरते, हळू आवाजात आकडा सांगते,
मी टाइप करते.
उजवी: इतकी.
डावीकडे काही नाही.
शून्य लिहायचं नाही, हा तिचा दंडक.
रकाना रिकामा सोडायचा.

तीनशे अकरा बाया त्या कॉम्प्युटरात होत्या.
नाव, फोन, ऑपरेशनची तारीख,
आणि एखादीपुढे शेरा:
नवऱ्याला सांगितलेलं नाही.

पासवर्ड दुकानाचंच नाव होतं, पुढे एक दोन तीन.

मंगळवारी लेसवाल्याचं बिल आलं मेलवर.
नाव तेच, शिक्का तोच,
पत्त्यात फक्त एका अक्षराच्या जागी
त्याच्यासारखा दिसणारा आकडा.
उघडलं मी.
मला कुणी विचारलेलं नाही,
तरी लिहून ठेवते: मीच.

बुधवारी सकाळी स्क्रीन काळी,
आणि तीवर शुद्ध व्याकरणातली धमकी.
खंडणीची रक्कम, मुदत, वर ‘धन्यवाद’सुद्धा.
देओलिंदाने चष्मा पुसून दोनदा वाचलं.
मग ती माप घ्यायच्या कोपऱ्यात गेली
आणि पडद्याच्या कड्या मोजत राहिली.
अकरा आहेत. गेल्या वर्षी एक तुटली,
तेव्हा त्याच दुपारी नवी बसवली होती,
फट राहू नये म्हणून.

भाचा तेल्मु पोर्तूहून रजा काढून आला.
वायर उपटली, पोलिसांत कळवलं,
म्हणाला, पैसे दिले तरी प्रत त्यांच्याकडे राहतेच, मावशी.
शिवण उसवता येते. हे नाही येत.

मग आम्ही फोन करायला बसलो.
तीन दिवस.
देओलिंदा प्रत्येकीला तेच सांगे, शब्द न बदलता:
तुमचं माप माझ्याकडे होतं.
मला सांभाळता आलं नाही.

युफेमिया, ऐंशी उलटलेली, खदखदून हसली:
“बघू दे मेल्याला! जन्मात एकदा तरी काही खरं बघेल.”
एकीने वकिलाचं नाव घेतलं.
एक आमचंच सांत्वन करायला लागली, ते फार जड गेलं.
ग्रासियेते काहीच बोलली नाही.
तिच्या मागे कुठेतरी नळ वाहत होता,
मग तोही बंद झाला.
तिची तयार पिशवी अजून फळीवर आहे.
तो शेरा तिचाच.

बैल गेला नि झोपा केला म्हणा हवं तर.
आता पासवर्ड चार शब्दांचा, त्यात एक शिवी आहे.
फोनवर सहा आकडे आल्याशिवाय कॉम्प्युटर आत घेत नाही.
शनिवारी सगळ्याची प्रत काढून
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तारांपासून लांब.
बिल आलं की जुन्याच नंबरवर फोन करून विचारतो.
लेसवाला वैतागतो. वैतागू दे.

शेऱ्यांचा रकाना ठेवायचा का, तेल्मुने विचारलं.
देओलिंदा म्हणाली, तो कधी हवाच नव्हता.
जे ठेवलंच नाही
ते कोण चोरणार?

काल एक नवीन मुलगी आली, तिशीतली.
टेप फिरली, आकडा सांगून झाला,
माझी बोटं कीबोर्डवर.
तेवढ्यात तिनेच विचारलं,
“हे कुठे लिहिता?”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं.
देओलिंदाने टेप गळ्यात टाकली, स्टूल ओढलं,
आणि मंगळवारपासून सगळं सांगितलं.
बिल मी उघडलं, हे तेवढं गाळलं.
ते मी सांगितलं.

मुलगी बटणं लावत ऐकत होती.
शेवटच्या बटणाशी थांबली.
“लिहा,” म्हणाली, “पण नाव दुसरं लिहा.”
कुठलं, मी विचारलं.
ती बराच वेळ विचार करत राहिली.
बाहेर कुणीतरी दाराशी येऊन
मागे बघत होतं.